वेचणीच्या दिवसांत घर कसं सांभाळता? आधी काय करून ठेवता?

पऱ्हाटी
राम राम मंडळी. मी दारव्हा तालुक्यातली. घरात आम्ही सात जण: सासू-सासरे, आम्ही दोघं, धाकटे भाऊजी आणि दोन पोरं. मी गावातच अंगणवाडीत आहे, बाकीचे शेतात. कापसाची वेचणी सुरू झाली की सकाळ म्हणजे नुसती धांदल. मोठ्याची बस सातला, शेतातल्या तिघांचे डबे आठच्या आत, वेचणीच्या बायांचा चहा, मग माझी अंगणवाडी. संध्याकाळी परत आलं की भांड्यांचा ढीग, नळ आला असला तर पाणी भरणं, आणि अंधार पडला की पुन्हा सगळे विचारतात, "आज काय?"

मोबाइलवर त्या रविवारी आठवडाभराचं रांधून ठेवणाऱ्या बाया बघते. काचेचे डबे, त्यावर वारांच्या चिठ्ठ्या. आमच्याकडे फ्रीजला दिवसातून किती तास लाइन मिळेल ते कोणालाच सांगता येत नाही. वरून सासूबाई रात्रीचं शिजलेलं सकाळी तोंडात घालत नाहीत. रात्री भिजवलेल्या कणकेची पोळीसुद्धा त्यांना वासावरून कळते.

तर शेतीच्या हंगामात तुम्ही काय आधी करून ठेवता, काय अजिबात ठेवत नाही, आणि घरात कामं कशी वाटली आहेत? नुसत्या रेसिप्या नकोत, रोजचं कसं निभतं ते सांगा.

तर्रीदार
आमच्या घरी आदल्या रात्री एकच गोष्ट करून ठेवतात, मीटिंग. उद्या काय करायचं याची. तासभर चालते आणि ठराव दरवेळी बेसनाचाच होतो.

जवसचटणी
ताई, माझा अर्धा हंगाम चटण्यांवर निघतो. जवस, तीळ, फल्लीदाणे, कारळ, चार बरण्या कायम भरलेल्या. शेताच्या डब्यात भाकर, चटणीवर कच्च्या तेलाची धार, कांदा आणि हिरवी मिरची. तक्रार करायला जागाच नाही.

जवस मात्र नीट भाजा. तडतड थांबेपर्यंत मंद आचेवर. कच्चा राहिला तर चटणी दाताला चिकटते. आणि कुटलेला जवस लवकर खवट होतो, म्हणून एकदम किलोभर करू नका. भाजून ठेवा, कुटताना पंधरा दिवसांपुरताच कुटा. लसूण घालायचा तर तव्यावर कोरडा होईपर्यंत परतून घाला, ओला घातला की चटणी टिकत नाही.

पुण्यातला_वऱ्हाडी
आम्ही इथे पोळ्या अर्धवट भाजून फ्रीझरमध्ये ठेवतो. मध्ये बटर पेपर घालायचा. दोन आठवडे चिंता नाही. ग्रेव्ही बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायची, हवे तेवढे क्यूब काढायचे. एक चांगला इन्व्हर्टर घेऊन टाका, प्रश्न मिटला.

तर्रीदार
भाऊ, इन्व्हर्टर कापसाच्या भावावर अवलंबून असतो. भाव कळला की सांगतो.

जवसचटणी
@पुण्यातला_वऱ्हाडी घरगुती इन्व्हर्टरवर पंखे-बल्ब चालतात, त्यावर फ्रीज ढकलला की बॅटरी किती वेळ धरेल? आणि सात जणांच्या पोळ्या दोन आठवड्यांच्या म्हणजे किती, हिशोब केलात का? त्याला फ्रीझर नाही, गोडाऊन लागेल.

मोठी_वहिनी
मी अकोट तालुक्यातली, वय झालं आता, पण एकत्र कुटुंबात चौदा माणसांचं रांधलं आहे. पऱ्हाटी, तुझ्या सासूबाईंचं म्हणणं मला अगदी चुकीचं वाटत नाही. आमच्याकडेही रात्रीचं शिजलेलं चालत नसे. पण म्हणून आम्ही सगळं पहाटेच करायचो असं नाही. आमची साठवण उन्हाळ्यात व्हायची. हे व्हिडिओवाले ज्याला रविवार म्हणतात, तो आमचा चैत्र-वैशाख.

मुंगवड्यांचंच घे. मुगाची डाळ भिजवायची, पाणी पूर्ण निथळू द्यायचं, हिरवी मिरची, लसूण, सांबार (कोथिंबीर), जिरं घालून भरड वाटायची. वाटताना पाण्याचा थेंब नको, नाहीतर वड्या पसरतात आणि आतून ओल्या राहतात. गच्चीवर धोतराच्या फडक्यावर बोटांनी तोडत जायचं. दुपारी फडकं खालून ओलं करून वड्या सोडवायच्या, उलटवायच्या, पुन्हा उन्हात. दातांनी कटकन मोडली की झाली. मग वेचणीच्या दिवसांत मूठभर वड्या तेलात तांबूस करायच्या, कांदा-खोबऱ्याच्या रश्श्यात टाकायच्या, पंधरा-वीस मिनिटांत भाजी. ही शिळी नाही, ताजी! कोणती सासू काय बोलेल?

तसाच हरभऱ्याचा पाला. डिसेंबरात झाडाचे शेंडे खुडले की झाडही फुटतं आणि भाजीही मिळते. जास्तीचा पाला सावलीत वाळवून चुरून डब्यात भरायचा. पुढे पावसाळ्यात चिखलामुळे बाजार गाठता येत नाही तेव्हा लसणाची फोडणी, थोडं ज्वारीचं पीठ लावून घोटला की भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही. सांडगे, कुरडया, शेवया वेगळ्याच.

आता रोजचं. मी सुनेला एकच सांगितलं आहे: रात्री चुलीच्या दारापर्यंत आणून ठेव, शिजवू नकोस. भाजी निवडलेली, लसूण सोललेला, डाळ धुऊन भिजवलेली, ज्वारीच्या कण्या भिजवलेल्या, चहाचं आधण मोजून गंजात, म्हणजे पातेल्यात. सकाळी फक्त विस्तव. त्याने निम्मा वेळ वाचतो आणि कोणाच्या आचाराला धक्काही लागत नाही.

पऱ्हाटी
वहिनी, हे पटलं. मी रात्री थेट भाजी शिजवायला जायची म्हणून भांडण. निवडून-चिरून ठेवलेल्याला त्यांनी कधी नाव ठेवलेलं नाही. पण निवडायला रात्री बसायचं कोणी? त्या वेळेला मी भांड्यांवर असते.

हिंगणघाटकर
आता खरा प्रश्न आला. आतापर्यंत सगळ्यांनी डाळ आणि डब्यांबद्दल लिहिलं. घरात दोन जवान पुरुष आहेत ना? आणि सासरे? लसूण सोलायला काही डिग्री लागत नाही. टीव्हीसमोर बसूनच सोलायचा आहे.

कास्तकार_पोट्टा
हे काऊन लिहिलं जी? बाया करतात तेच दिसते सगळ्याइले. आमच्याकडं शेतीची लाइन आठवड्यातले निम्मे दिवस रात्रीच येते. हरभरा, गहू ओलायचा म्हणजे रात्री अकराले मोटर सुरू करा, थंडीत पाय गारठेपर्यंत बारे फिरवा, साप-इच्चू, रानडुकरं. पहाटं चारले घरी येतो. बायको पाचले उठते, मी चारले झोपतो. मंग मी लसूण कवा सोलू? सांगा.

हिंगणघाटकर
तुमचं ओलीत खरं आहे दादा, त्याला कोणी खोटं म्हणत नाही. आमच्याकडेही तेच आहे. पण ओलीत रब्बीतले काही महिने. घरकाम बारमाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या टाइम यूज सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायांचा बिनपगारी घरकामाचा वेळ दिवसाला सरासरी २८९ मिनिटं निघाला आणि पुरुषांचा ८८. ते ८८ सुद्धा जे पुरुष घरकामाला हात लावतात तेवढ्यांचंच. हात न लावणारे त्यात धरलेलेच नाहीत.

कास्तकार_पोट्टा
८८ मिनिटं? एवढं कोण करते बाप्पा? मले भेटवा त्याले.

निवृत्त_गुरुजी
मी करतो, या घरी. पेन्शन लागल्यापासून पाणी भरणं, दूध तापवणं, वाळलेले कपडे घड्या घालणं आणि नातवाला पाढे, एवढं माझ्याकडे. सुरुवातीला शेजारचे हसायचे. आता त्यांच्या घरी माझं उदाहरण दिलं जातं म्हणून ते मला शिव्या देतात.

पऱ्हाटीबाई, मला तुमच्या वेळापत्रकात एक गोष्ट खटकली. शेताचे डबे आठच्या आत का? दिवाळीनंतर थंडी पडली की पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडांवर, दव असतं. दव असताना वेचलेला कापूस ओला येतो, पिवळा पडतो, मग व्यापारी भाव पाडतो. ऊन चढल्यावरच वेचायचा असतो. मग मंडळींनी घरून चहा-पोहे खाऊन जावं आणि डबे साडेदहाला कोणीतरी न्यावेत. सासरे दोन चाकीवर जातात का? सातची बस आणि आठचे डबे एकमेकांवर येतात तीच खरी कोंडी आहे. ती फोडली की पहाटे चारऐवजी पाचला उठता येईल.

पऱ्हाटी
गुरुजी, आजवर हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं! "डबा घेऊनच निघायचं" ही सवय सोयाबीनच्या सोंगणीपासून लागली आहे. तेव्हा पावसाच्या धाकानं उजाडताच निघावं लागतं. कापसाला तसं नाही. आज घरात बोलते.

खारपाण
दर्यापूर तालुक्यातून लिहितो. आमचा भाग पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. तुम्ही डाळ भिजवा म्हणता, आमच्या बोअरच्या पाण्यात भिजवली तरी शिट्ट्या मोजता मोजता गॅस संपतो. खारट, जड पाण्यात डाळ मऊच होत नाही. आई चिमूटभर सोडा घालायची, पण त्याने चव जाते.

आता आम्ही डाळ-तांदळापुरतं पिण्याचं पाणी वेगळं ठेवतो, भिजवायलाही तेच. डाळ पटकन शिजते आणि सकाळचा कुकर एकाच वेळी लागतो: खाली डाळ, वर भात, त्याच्या वर वाटीत बटाटे. ज्यांचं पाणी जड आहे त्यांनी आधी हे करून पाहावं, बाकी युक्त्या नंतर. कपड्यांचंही तेच, साबणाला फेस येत नाही म्हणून मशीन घेऊनसुद्धा कॉलर हातानेच घासतो.

सुगरणबिगरण
मशीनचं नाव निघालं म्हणून. आमच्या घरी मशीन आहे, नळाला जोर नाही. बादलीने भरावं लागतं. नवऱ्याने घेताना सांगितलं "आता तुला काही काम नाही". तेव्हापासून मी मशीनला पाणी पाजते.

तर्रीदार
म्हणजे घरात अजून एक जनावर वाढलं.

सुगरणबिगरण
हो, आणि हे दूध पण देत नाही.

बरं, मुद्द्याचं. रात्रीच्या जेवणाला मी आठवड्यातून दोनदा गोळाभात लावते. चण्याच्या डाळीचा भरडा चक्कीवरून काढून आणायचा, बारीक बेसन चालत नाही, गोळे गच्च होतात. भरड्यात तिखट, मीठ, हळद, ओवा आणि सढळ तेल. पाण्याचा हबका मारून मुठीत दाबून लिंबाएवढे गोळे. भाताचं पाणी आटत आलं, वर बारीक भोकं दिसायला लागली की गोळे ठेवायचे, झाकण, मंद आच. खाताना गोळा कुस्करायचा आणि मोहरी-हिंग-लाल मिरचीचं कढत तेल वरून. सोबत ताक. एक गंज, एक कढलं, ताटं. भांडी एवढीच. माझ्या मते स्वयंपाक किती वेळात होतो त्यापेक्षा मागे भांडी किती पडतात ते आधी बघावं. पाटोडी रस्सा दहा जणांना आवडतो, पण मोरीत काय उरतं ते घासणाऱ्यालाच माहीत.

जवसचटणी
भांड्यांबद्दल शंभर टक्के. आमच्याकडे नियम आहे, ज्याचं ताट त्याने धुवायचं. पाहुणे सोडून सगळे. सुरुवात पोरांपासून केली, मोठे आपोआप लाजले.

नर्सताई
उपकेंद्रावर काम करते, म्हणून थोडं लिहिते. रांधून ठेवण्याबद्दल दोन-तीन गोष्टी सांभाळा.

भात. शिजलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका. त्यात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते उकळूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की वाढतात आणि उलट्या करवणारं विष तयार करतात, ते विष पुन्हा गरम करून जात नाही. उरला तर पसरट ताटात लवकर थंड करून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये.

फ्रीज. लाइन गेली की दार उघडू नका. बंद राहिलं तर साधारण ४ तास आत थंडावा टिकतो. पोरं दर दहा मिनिटांनी पाण्याच्या बाटलीसाठी उघडतात, तेवढ्यासाठी माठ भरून ठेवा.

लसूण. कच्चा लसूण तेलात बुडवून बरणी बाहेर ठेवायची फॅशन आली आहे. करू नका. त्यात बोटुलिझमचा धोका असतो. वाटण ठेवायचंच असेल तर फ्रीजमध्ये, दोन-चार दिवसांपुरतं.

हे सगळं थंडीत एक वेळ निभून जातं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा सकाळची भाजी संध्याकाळपर्यंतही नको.

झाडीतली
सिंदेवाहीकडची आहे. आमच्या इथे कापूस नाही, धान. कापणीच्या दिवसांत रात्रीच्या भातात पाणी घालून ठेवतो, सकाळी कांदा, मीठ, मिरचीसोबत खाऊन कामाला. आमची आजी आयुष्यभर खात आली. नर्सताई, मग हे काय?

नर्सताई
पाण्यात घालून आंबवलेला भात आणि ओट्यावर तसाच पडलेला कोमट भात यात फरक आहे, आंबला की आंबटपणामुळे बरेच जिवाणू वाढत नाहीत. पण भात गार झाल्यावर लगेच, स्वच्छ पाण्यात, आणि सकाळीच संपवायचा. लहान लेकरांना, बाळंतिणीला नको. आजींना मी काही म्हणत नाही, त्यांची तब्येत माझ्यापेक्षा चांगली असेल.

मोठी_वहिनी
सासूबाई रात्रीचं शिजलेलं का टाळायच्या ते नर्सताईंनी सांगितलंच. आता मला कोणी जुनाट म्हणू नका.

पुण्यातला_वऱ्हाडी
माझे फ्रीझरचे क्यूब मी मागे घेतो. पण वहिनी, मुंगवड्या कुरिअरने मिळतील का?

मोठी_वहिनी
गावातल्या बचत गटाच्या बाया करतात, पैसे देऊन घे. फुकटची वहिनी उन्हाळ्यात भेटत नाही.

पऱ्हाटी
सगळ्यांना उत्तर देते, उशीर झाला. वेचणीच होती.

गुरुजींचं ऐकून डबे मागे ढकलले. सासरे साडेदहाला नेतात, त्यांना बाहेर पडायला निमित्तच पाहिजे होतं. सकाळी घरून सगळे कण्या नाहीतर पोहे खाऊन निघतात. धाकटा जिल्हा परिषदेच्या शाळेत जातो, त्याला दुपारचं शाळेतच मिळतं. त्याच्यासाठी मी उगाच वेगळा डबा करत होते, तो बंद केला.

सासूबाईंना वहिनींची पोस्ट वाचून दाखवली. "चुलीच्या दारापर्यंत" हे त्यांना फार आवडलं. आता रात्रीचं निवडणं-भिजवणं त्यांनी स्वतःकडे घेतलं आहे, कारण माझं निवडणं त्यांना पटतच नव्हतं! भिजवायला काय टाकायचं तेही त्याच ठरवतात, त्यामुळे "आज काय" हा प्रश्न आता मला कोणी विचारत नाही. कामापेक्षा मला त्याचाच जास्त ताप होता.

राहिले आमचे हे आणि भाऊजी. भाऊजींनी ताट धुवायला सुरुवात केली. आमचे हे "हंगाम संपू दे" म्हणतात. हंगाम संपला की हरभरा, मग गहू, मग उन्हाळी मूग.

हिंगणघाटकर
सवय हंगामातच लागते ताई. रिकाम्या दिवसांत कोणाला गरज वाटते? कणीक मळायला लावा, हाताला जोर आहे त्यांच्या.

सुगरणबिगरण
नको, कणीक नको. पाणी जास्त घालतील, मग पीठ घालतील, मग पाणी. शेवटी बारशाला पुरेल एवढी कणीक होते. भांडीच द्या.

निवृत्त_गुरुजी
पाणी तापवायचं द्या. आमच्याकडे अंघोळीचं पाणी अजून अंगणातल्या चुलीवर, पऱ्हाटी नाहीतर तुराट्या जाळून. गॅस वाचतो आणि पुरुष माणसाला विस्तव पेटवायला आवडतो.

कास्तकार_पोट्टा
मी धागा सुरुवातीपासून वाचून रायलो. ओलीताचं माझं म्हणणं कायम आहे, ते मागं घेत नाही. पण एक विचारतो. मी चारले घरी येतो तवा भूक लागलीच असते आणि चूलही मीच पेटवू शकतो. कण्या मी लावून झोपलो तर बायको उठेपर्यंत तयार होतील का? पाणी किती टाकू? आईले विचारलं तर ती हसत बसली.

मोठी_वहिनी
शाब्बास रे बेटा. ज्वारीच्या कण्या रात्री मोटरीवर जायच्या आधी धुऊन भिजव. एक वाटीला चार वाट्या पाणी, मीठ. आधी पाण्याला उकळी येऊ दे, मग कण्या सोड, पहिली पाच मिनिटं सराट्याने हलवत राहा नाहीतर गोळे होतात. मग झाकून अगदी मंद विस्तवावर. पण लावून झोपू नकोस, वीसेक मिनिटं जागा राहा, विस्तव ओढून घे आणि मग झोप. वाफेवर गरम राहतात. ताक आणि जवसाची चटणी असली तर भाजी लागत नाही.

कास्तकार_पोट्टा
वीस मिनिटं जागा रायलो तर मले ८८ मधले २० मिळतीन ना?

हिंगणघाटकर
मिळतील. गंज पण तुम्हीच घासला तर ३०.